मैनाबाईचं अख्खं गाणं

मैनाबाईच्या गाण्याच्या जेवढ्या म्हणून कॅसेटा वऱ्हाडात कुणाच्या पेटीत, कुणाच्या माळ्यावर पडून असतील, त्या साऱ्यांत एक खोड सापडते. गाणं चांगलं रंगात येतं, ढोलकी चढते, ऐकणारा मान पुढे काढून बसतो, आणि नेमकं तिथेच सारं थांबतं. मग मैनाबाईचा बोलका आवाज येतो, "हिवरखेडचे वामनराव यांच्याकडून दोन रुपये बक्षीस. पार्टी त्यांची आभारी आहे." एक थाप पडते आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून उचलून पुढे चालू होतं. दोन ओळी झाल्या की पुन्हा थांबलं. आता कोणी माणिकबाई, शेंदूरजनाघाटच्या.

कॅसेट बिघडलेली नसते. त्या काळी रीतच तशी होती. जयंतीला नाहीतर लग्नाला गावात गायन पार्टी यायची. ऐकणाऱ्यांतला कोणी खूश झाला की उठून स्टेजपाशी यायचा आणि हात वर करून नोट दाखवायचा. नोट दिसली की पार्टीने गाणं थांबवायचं आणि त्याचं नाव लाउडस्पीकरवर घ्यायचं. नाव न घेता गाणं पुढे रेटलं तर तो अपमान. असा माणूस नोट खिशात घालून मांडवाबाहेर जाई, आणि पुढच्या वर्षी वर्गणी मागायला गेलं की दार लावून घेई.

मैनाबाईला आयुष्यात पुष्कळ मिळालं. पण एक हौस राहूनच गेली होती. आपलं एक गाणं, एकच, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये न थांबता, कुठेतरी भरून राहावं. तिच्या मागे कोणी लावलं तर अख्खं वाजावं. म्हणायला एवढीशी गोष्ट, पण त्यासाठी तिला वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागली.

मैना वलगावची. शाळा दुसरीपर्यंत, ती पण मास्तरांच्या दयेने. चौदा वर्षांची असताना बापाचं बोट धरून नागपूरला गेली, ते छप्पन साल. परत आली तेव्हा घरातले देव गेले होते आणि आईच्या अंगावर धम्मदीक्षेचं पांढरं पातळ होतं. त्यानंतर वस्तीत गाण्यांचं पीकच आलं. जो तो गाणं करी. मैना शेतात निंदायला जाई तिथे गाई. तिच्या मागे बाया अशा चालत की तास कधी सरला ते त्यांना कळत नसे. शेतमालक म्हणे, "हिले निंदू देऊ नका. हिले नुसतं गाऊ द्या. रोजी देतो."

शेजारच्या घरी देवमन वानखडे होता, दोन वर्षांनी मोठा. तो तेलाच्या रिकाम्या पिंपावर ताल धरायचा. त्याच्या आईने ते पिंप दोनदा भंगारात दिलं, आणि दोन्ही वेळा त्याने ते परत आणलं. शेवटी बापाने कंटाळून ढोलकी घेऊन दिली. तिचा आवाज पिंपापेक्षा बरा होता, एवढाच काय तो त्या घराला आराम.

मैनेचं लग्न अकोल्याच्या किसनरावांशी झालं. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, पेटी वाजवायचे आणि गाणी रचायचे. पार्टी त्यांनीच उभी केली. पेटीवर किसनराव, गायला मैना, आणि ढोलकीला वलगावहून बोलावलेला देवमन. तो आठवड्यातले चार दिवस यांच्याच घरी जेवायला असे. कोणी विचारलं, हा तुमचा कोण, तर किसनराव म्हणत, "हा माह्या सासऱ्यानं दिलेला आंदण आहे. भांडे कमी दिले, हा दिला."

"भांडे एवढं खात नाहीत," मैना म्हणे.

"भांडे ताल धरत नाहीत," देवमन म्हणे आणि ताट पुढे करी.

पार्टी अशी चालली की दोन-तीन वर्षांत अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत मैनाबाईचं नाव माहीत नाही असं गाव उरलं नाही. तिचा आवाज पातळ नव्हता. खालच्या पट्टीचा होता, जरासा खरखरीत, ज्वारीच्या भाकरीसारखा. पोटाला लागणारा. पण लोक गर्दी करत ते एकट्या आवाजासाठी नव्हे.

नाव घ्यायची तिची तऱ्हाच वेगळी होती. बाकीचे गायक नाव घेत ते पावती फाडल्यासारखं. मैनाबाई नाव घेई तेव्हा वाटे, या माणसासाठीच आज पार्टी आली आहे. ज्याला जन्मभर कोणी राव म्हटलं नाही, त्याला ती भर मांडवात राव म्हणे. जिला नवरासुद्धा "अवं" म्हणून हाक मारी, तिच्या नावापुढे ती बाई लावी. नोट पाचाची असो की चार आणे असोत, आवाज तोच. एकदा एका म्हातारीने चार आणे दिले आणि सांगितलं, माह्यं नाव नको, माह्या मायचं घे, ते मेली तवा कोनी तिचं नाव पन नाई घेतलं. मैनाबाईने त्या मेलेल्या बाईचं नाव घेतलं, पुढे बाई लावलं, गावाचं नाव लावलं, आणि मग गाणं उचललं. म्हातारी मांडवात उभीच राहिली होती, खाली बसायचंच विसरली.

शेंदूरजनाघाटला तर एकाने नोटेच्या जागी संत्र्यांचं टोपलं स्टेजवर ठेवलं. मैनाबाई म्हणाली, "घाटाचे जानराव यांच्याकडून एक टोपलं संत्री. पार्टी त्यांची आभारी आहे, आन् देवमनच्या पोटाची पार्टी जबाबदार नाई."

या साऱ्यात देवमनचं काम मोठं होतं. गाताना मैनाबाईचे डोळे मिटलेले असत. पुढे कोण आलं, कोणाचा हात वर झाला, हे देवमन पाही. नोट दिसली की त्याची थाप थांबे, थाप थांबली की ती थांबे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ती "ढोलकीवर देवमन" असं म्हणे, पण तोवर लोक सतरंज्या अंथरत असत आणि लाउडस्पीकर कुरकुरत असे. ते कोणाच्या कानावर जात नसे.

एकदा परतीच्या वाटेवर, एसटीच्या मागच्या बाकावर, देवमन म्हणाला, "साऱ्या वऱ्हाडाले तू राव केलं मैने. मी देवमनचा देवमनच राह्यलो."

"तू बक्षीस दे, मंग घेतो तुहं नाव."

"मी स्टेजवर. खाली उतरून नोट दाखवाची, तं ढोलकी कोन वाजवन?"

"मंग राह्य देवमन," किसनराव म्हणाले, आणि सगळे हसले. देवमनही हसला.

पासष्टच्या सुमारास किसनरावांनी नागपूरच्या रेडिओला अर्ज केला. आवाज तपासायला या, असं बोलावणं आलं. मैनेने त्या दिवशी लग्नातलं पातळ नेसलं. रेडिओवर कोणी पाहत नसतं हे तिला तिघांनी सांगितलं होतं, पण ती म्हणाली, आपल्याले तं माहीत राह्यते ना. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. रेडिओवर बक्षीस नसतं. तिथे नोट दाखवायला कोणी येत नाही. तिथे गाणं अख्खं होईल, आणि सारा मुलूख ते अख्खं ऐकेल.

खोली अशी की स्वतःचा श्वास मोठा वाटावा. समोर काच, काचेपलीकडे चष्मेवाले साहेब. लाल दिवा लागला की सुरू करायचं, एवढंच सांगितलं होतं. दिवा लागला. मैनेने किसनरावांचंच गाणं धरलं:

कुडाच्या घरात माह्या पाटी आली व माय,
अंधाऱ्या कोनाड्यात वात पेटली व माय…

पहिलं कडवं झालं. दुसरं अर्धं झालं. तिने डोळे किलकिले केले, तर काचेपलीकडे साहेबांचा हात वर. हातात कागद. त्यांना सांगायचं होतं की बाई, माइकपासून थोडं मागे सरा. पण हात वर आणि हातात कागद, याचा वऱ्हाडात एकच अर्थ होता. देवमनची थाप थांबली. मैनेची ओळ थांबली. किसनराव डोळे मिटून होते, त्यांची पेटी एकटीच दोन पावलं पुढे गेली आणि मग तीही थांबली. त्या शांततेत मैना माइकमध्ये स्पष्ट बोलली:

"काचेच्या घरातले साहेब यांच्याकडून… साहेब, नाव सांगा. आन् किती?"

काचेपलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण खांदे हलताना दिसत होते. साहेब चष्मा पुसत आत आले. माणूस चांगला होता. म्हणाला, बाई, आवाज लाखात एक आहे, पण इथे गाणं ठरल्या वेळात संपवावं लागतं, मध्ये थांबता येत नाही. सराव करा, सहा महिन्यांनी पुन्हा या. मैना "हाव जी" म्हणाली, नमस्कार केला आणि बाहेर आली. बाहेर येईपर्यंत तिने कोणाकडे पाहिलं नाही.

बस बडनेऱ्याला पोचली. मग मैना म्हणाली, "पहिले तुही थाप थांबली."

"पहिले तू थांबली," देवमन म्हणाला. "तुहा आवाज थांबला म्हनून माहा हात थांबला."

"मी डोये उघडले तवा तुहा हात वर होता."

"मी तं वाजवतच होतो," किसनराव म्हणाले.

"तुमाले इचारलं नाई," दोघं एकदमच म्हणाले.

हे भांडण त्या बसमध्ये सुरू झालं आणि पुढे साठ वर्षं चाललं. सहा महिन्यांनी मैना रेडिओवर गेली नाही. तेव्हा तिच्या पोटात लेक माया होती, हे कारण ती सांगे, आणि ते खोटंही नव्हतं. पण माया झाली, चालायला लागली, तरी ती गेली नाही. पुन्हा कोणी कागद हलवला आणि पुन्हा आपण थांबलो तर, ही भीती तिच्या गळ्यात बसली होती. स्टेजवर हजार माणसांपुढे जिची जीभ अडखळली नाही, ती एका साहेबाच्या कागदाला भ्यायली.

वर्षं गेली. लाउडस्पीकरचे कर्णे जाऊन मोठाले डबे आले. पार्टीला बोलावणी कमी झाली आणि मग बंदच झाली. किसनरावांची जिनिंगही बंद पडली. मैनाबाई घरी पापड लाटी आणि नातवंडांना गाणी शिकवी. सगळ्यांना वाटलं, बाईचा जमाना संपला. मैनाबाईलाही तसंच वाटलं.

तेव्हा देवानंद दारात आला. हा अकोल्याचा केबलवाला. घरोघरी वायरी टाकून टीव्ही दाखवायचा आणि आपलं स्वतःचं एक छोटं चॅनलही चालवायचा. दर रविवारी सकाळी त्याचा फर्माईशीचा कार्यक्रम असे. लोक पत्र टाकत, हा गाणं लावी. बोलायला ठेवलेल्या पोरीचं लग्न झालं आणि खुर्ची रिकामी झाली होती.

"मावशी, तुमी बसा टीव्हीत."

मैनाबाई त्रेपन्न वर्षांची होती. तिने तोंड उघडून दाखवलं. "हे दोन दात नाई माहे. लोकाले काय बोगदा दाखवतं?"

"मावशी, मी हिवरखेडचा. आमचा भाजीचा मळा. तुमी एकदा माह्या बापाचं नाव घेतलं होतं, दोन रुपये दिले होते त्यानं. सारं गाव त्याले वाम्या म्हने. त्या दिवसापासून वामनराव म्हनाले लागलं. आमच्या घरात मायनं पन."

मैनाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "खुर्ची हाताची आहे का बिनहाताची?"

स्टुडिओ म्हणजे देवानंदच्या घरची पुढली खोली. मागे त्याच्या आईची फुलाफुलांची चादर टांगलेली, बाजूला प्लास्टिकचा गुलाब. दिवा एवढा तापायचा की मैनाबाई म्हणे, इथंच पापड वाळत घालतो. पत्रं यायची आणि खाली नावं असायची. बाकीचे निवेदक दोन नावं वाचून "आणि मित्रपरिवार" म्हणून मोकळे होत. मैनाबाई मित्रपरिवारालाही सोडत नसे. अख्ख्या घराची नावं ती वाचे, लेकरांची, सुनेची, पाहुण्या आलेल्या आत्याची. ओळखीचं कोणी निघालं तर त्याची चौकशीही करी, "हे दहीहांडा गावचे म्हनजे गुडघ्यावाले ना, आता चालता का जी नीट?" मग गाण्याला वेळच उरत नसे. कडवं अर्धं झालं की जाहिरात.

देवानंद कपाळाला हात लावी. "मावशी, गाणं दाखवाचं आहे. हजेरी नाई."

"गाणं त्यायनं ऐकलेलंच राह्यते रे बापा," मैनाबाई म्हणे. "नाव नाई ऐकलेलं."

एकदा कोणा शिकलेल्या माणसाने देवानंदला सांगितलं की टीव्हीवर भाषा शुद्ध पाहिजे, बाई "मी सांगतो" म्हणते, तिला "मी सांगते" म्हणायला लाव. मैनाबाईने एक रविवार तसं बोलून पाहिलं. दुपारपर्यंत देवानंदचा फोन वाजत राहिला. बाईची तब्येत बरी नाही का, असं लोक विचारत होते. पुढच्या रविवारी ती पुन्हा "सांगतो" म्हणाली आणि बोभाटा मिटला.

दहा-बारा वर्षं ती त्या खुर्चीत बसली. बाजारात भाजीवाल्या तिला मेथीची जुडी जास्तीची घालत. कंडक्टर तिकिटाआधी नमस्कार करी. ज्या घरांत एकेकाळी तिच्या पार्टीला पाणी वरून ओतून देत, त्या घरांतल्या सुना तिच्या कार्यक्रमात आपलं नाव यावं म्हणून पत्रं टाकू लागल्या. तिने तीही वाचली, त्याच आवाजात, पुढे बाई लावून. हा तिचा मोठेपणा की तिची मजा, हे तिलाच ठाऊक.

देवानंद म्हणे, मावशी, तुमचंही एक गाणं होऊन जाऊ द्या. ती नाही म्हणे. "इथं मधातच फोन वाजते. गाईन तं अख्खं गाईन." मग छतावर डिशच्या छत्र्या आल्या, मोठाली चॅनलं आली, आणि देवानंदने चादर काढून आईला परत दिली. किसनराव वारले. हौस तशीच राहिली.

परवाच्या हिवाळ्यात मायाची मुलगी दीक्षा, जी अमरावतीला सरकारी नोकरीत आहे, तिने विषय काढला. तिच्या ओळखीच्या ललितचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं, एका दवाखान्याच्या वरच्या माळ्यावर. "आजी, तुहं गाणं भरू. मोबाइलवर टाकू. अख्खं."

"अख्खं?" मैनाबाईने विचारलं.

"पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कोनी थांबवनार नाई."

गळा आता पहिल्यासारखा नव्हता. छातीत दम भरे. घरी गाऊन पाहिलं की तिसऱ्या कडव्याला खोकला येई आणि मग दिवसभर आवाज उमटत नसे. दिवसाला एक गाणं, तेही गळा राजी असला तर. दीक्षाने गाडी काढली. वाटेत अमरावती मागे टाकून आधी वलगाव गाठलं आणि देवमनला सोबत घेतलं. त्याच्या हातांना कंप होता. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे, ढोलकीचं तर नावच नको. ढोलकी ललितच्या मशीनमध्ये होती. ललितने वाजवून दाखवली. देवमनने कान देऊन ऐकली.

"कशी आहे, आजोबा?"

"चुकत नाई," देवमन म्हणाला. "पन दम बी घेत नाई."

मैनाबाई आतल्या खोलीत बसली. कानांवर हेडफोनच्या टोप्या. समोर काच. काच पाहिली आणि पलीकडे कोणाच्या हातात कागद तर नाही ना, ते तिने आधी पाहिलं. काचेपलीकडे ललित, दीक्षा, आणि भिंतीशी खुर्चीवर देवमन. लाल दिवा लागला.

पहिल्या खेपेला दुसऱ्याच कडव्याला खोकला आला. पाणी पिऊन, पाठ चोळून, दुसऱ्यांदा सुरू केलं. तिला कळत होतं की तिसऱ्यांदा गळा उठणार नाही. आज झालं तर झालं. तिने डोळे मिटले नाहीत, मुद्दाम. पाटी आली, वात पेटली, दुसरं कडवं गेलं, तिसरं गेलं. खोकला आला नाही. आवाजातली ती जुनी भाकरी पुन्हा भाजायला लागली. आता शेवटचं कडवं तेवढं उरलं, आणि हौस हातात.

देवमन ऐकत होता. पार्टी होती तोवर तो कायम तिच्या डाव्या हाताला, अर्धा पाऊल मागे बसत आला होता. तिचं गाणं समोरून कसं दिसतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. आज पहिल्यांदा तो मांडवात होता. खोली कुठली, काच कशाची, लाल दिवा कशाचा, सारं तो विसरला. तो उठला, काचेपाशी आला, आणि थरथरता हात वर केला. हातात दहाची नोट होती.

दीक्षाने त्याचा सदरा ओढला. ललितने मान हलवली. पण मैनाबाईने पाहिलं होतं.

डोळे मिटून घेतले असते तर गाणं अख्खं झालं असतं. कोणी तिला नाव ठेवलं नसतं. देवमननेही ठेवलं नसतं, त्याला तर नंतर लाजच वाटली असती. शेवटच्या कडव्याची ओळ तिच्या ओठांवर आली होती. मशीनची ढोलकी कानात वाजतच होती. त्या ढोलकीला काय ठाऊक नोट.

मैनाबाई थांबली.

"वलगावचे नामांकित ढोलकीवाले," ती म्हणाली, आणि दम घ्यायला क्षणभर थांबली, "देवमनराव वानखडे यांच्याकडून दहा रुपये बक्षीस. पार्टी त्यांची आभारी आहे."

पार्टीत आता कोणी उरलं नव्हतं. तरी पार्टी आभारी होती. मग तिने मशीनची थाप कानाने पकडली आणि गाणं उचललं:

लेक माही वाचते, मी ऐकते व माय…

शेवटच्या ओळीला आवाज फाटला. पण ओळ पुरी झाली.

दिवा विझला. दीक्षा दार उघडून आत आली आणि तिने आजीला पाणी दिलं. देवमन काचेपाशी तसाच उभा, नोट हातात, तोंड कसनुसं. "मैने, मी काय करून बसलो व," तो म्हणाला. "तुहं गाणं…"

"आण इकडे ते नोट," मैनाबाईने हात पुढे केला. ती घेतली, घडी केली, कमरेच्या बटव्यात ठेवली.

ललित मशीनशी बसला होता. "आजी, काळजी करू नका. ते मधलं बोलणं मी कापून टाकतो. जोड कोणाला कळणारही नाही. गाणं अगदी अख्खं होईल."

दीक्षाचे डोळे चमकले. "खरंच? आजी, ऐकलं? अख्खं होते. तुले हेच पाहिजे होतं ना?"

मैनाबाई उरलेलं पाणी सावकाश प्यायली. तिने काचेकडे पाहिलं. मग देवमनकडे पाहिलं, जो आता नोट नसलेल्या रिकाम्या हाताचं काय करावं ते न कळून तो हात सदऱ्याला पुसत होता.

"नाव कापलं तं नोट वापस द्या लागते," ती म्हणाली. "आन् नोट मी आत ठेवली. राहू दे पोरा, जसं आहे तसं."

"पण आजी, इतकी वर्षं तुम्ही…"

"राहू दे म्हनतो ना."

खाली उतरताना जिना अरुंद होता. दीक्षा पुढे, मैनाबाई मध्ये, देवमन मागे. अर्ध्या जिन्यात देवमन थांबला.

"मैने."

"काय?"

"आज तं मी ढोलकीवर नव्हतो. मशीन होती. मशीन थांबली नाई."

"मंग?"

"म्हनजे पहिले तूच थांबते. नागपूरले बी तूच थांबली होती."

मैनाबाईने जिन्याचा कठडा धरला आणि मागे वळून पाहिलं. "चाल आता, देवमनराव," ती म्हणाली. तो सदरा सारखा करून ताठ मानेने गाडीपर्यंत चालत गेला.

गाणं मोबाइलवर गेलं, जसं होतं तसं, मध्ये थांबलेलं. पुष्कळांनी ऐकलं. देवानंदचा हिवरखेडहून फोन आला. काही दिवसांनी देवमनच्या सुनेचा, जयवंताबाईचा फोन आला. ती सासऱ्याची तक्रारच करत होती.

"आत्याबाई, तुमी मामाजीले सांगा. सकाळपासून मोबाइल घेऊन बसते. पन गाणं ऐकतच नाई. सरकवत सरकवत नेते आन् ते नाव येते तेवढंच लावते. मंग पुन्हा मागं नेते, पुन्हा तेवढंच. शेजारचे हासून राह्यले."

"ऐकू दे त्याले," मैनाबाई म्हणाली. "गाणं त्याले पाठ आहे."